कोरडी वाटी

नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, चिंचेच्या झाडाखाली, एक बैठं कौलारू घर आहे. त्याच्या पाटीवर 'सावळीराम खानावळ' हे मोठ्या अक्षरांत आणि 'सरकारमान्य देशी दारू' हे बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. इतर ठिकाणी हे बरोबर उलटं असतं. पण ही पाटी रंगवणाऱ्याची चूक नव्हे, सावळीरामबाबांचा तसा हुकूमच होता. माणूस आधी जेवायला येतो आणि पिणं हे त्याच्या कडेचं, असं बाबांचं म्हणणं. रोज संध्याकाळी तिथे येणाऱ्यांचं म्हणणं जरा वेगळं असेल, पण गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

बाबांनी हे दुकान इंग्रज असताना काढलं. तेव्हा समोरून बैलगाड्या जायच्या, आता राखेचे डंपर जातात. गिऱ्हाईकं बदलली, गाडीवान गेले आणि नोटांच्या प्रेसमधले, वीज केंद्रातले, रेल्वेतले आले. बदलला नाही तो काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि गुरुवारची पाटवडी. आणि एक रीत बदलली नाही. तिला सगळे 'कोरडी वाटी' म्हणतात.

रीत अशी. संध्याकाळी दुकान उघडलं, की जो पहिला येईल त्याच्यासमोर कल्हईच्या पितळी वाटीत रस्सा ठेवायचा. त्याने तोंडाला दारूचा थेंब लावलेला नसावा, म्हणून 'कोरडी'. त्याने ती वाटी चाखायची, उठायचं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जायचं आणि रांधणारणीला तोंडावर सांगायचं, रस्सा कसा झाला ते. तो 'चाललं' म्हणाला की मगच पहिली बाटली फुटायची. तोवर शंभर माणसं जिभा आवरून बसणार, मग बाहेर कोण फौजदार का येऊन उभा राहीना. याचं कारणही बाबांनीच सांगून ठेवलेलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत एकदा रस्सा करपला होता आणि प्यायलेली मंडळी 'वा वा, अमृत!' करत तो ओरपून गेली. दुसऱ्या दिवशी एका शुद्धीतल्या गाडीवानाने तोच शिळा रस्सा तोंडात घेतला आणि अंगणात थुंकला. बाबा तेव्हा म्हणाले, पेल्याआधी जीभ खरं बोलते, पेल्यानंतर गोड बोलते, आणि धंदा गोड बोलण्यावर चालत नाही.

दुसरा नियम असा, की मालकाने वाटी चाखायची नाही. मालकाच्या जिभेवर गल्ला बसलेला असतो. बाबांचा नातू सोमनाथ आता मालक होता. त्याच्या गळ्यात तर तुळशीची माळ. मटणाला तो शिवत नसे आणि दारूच्या बाटल्या मोजायचा तेवढ्यापुरत्या हाताळायचा. जेवायला तो घरीच जायचा. दारूच्या दुकानाचा माळकरी मालक ही लोकांना थट्टेची गोष्ट वाटे, पण त्याच्या दुकानात कधी कुणी पाणी मिसळलेलं प्यायला नाही, हेही लोक सांगत.

आणि रांधणारीण होती कुसाबाई. देवळ्याकडची. नवरा गेला तेव्हा तिची विशीही उलटली नव्हती. सावळीरामबाबांची बायको धोंडाबाई तिला कांद्याच्या बाजारातून घेऊन आली, भाकरी थापायला म्हणून. मग हळूहळू तिला मसाला भाजायला शिकवलं, आणि मरताना पळी तिच्या हातात दिली. सोमनाथ तेव्हा चड्डीत फिरत होता. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली होती. त्या खोलीत कुसाबाईची एक ट्रंक, एक खाट आणि धोंडाबाईचा फोटो होता. तिचं जगात जे काही होतं ते त्या खोलीत आणि खोलीच्या अलीकडच्या चुलीवर होतं. तिसरीकडे काहीच नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगायची तर कुसाबाईला चव येत नव्हती. वासही येत नव्हता.

करोनाच्या तापात सगळ्यांचंच गेलं होतं. इतरांचं महिन्याभरात परत आलं. कुसाबाईचं आलं नाही. आधी तिने वाट पाहिली, मग आलं चावून पाहिलं, लसूण चावून पाहिला, एकदा तर हिरवी मिरची अख्खी चावली. तोंडात आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं, पण चव म्हणून काही नाही. मीठ म्हणजे नुसती खरखर आणि गूळ म्हणजे चिकट ओलं काहीतरी. तिने कुणाला सांगितलं नाही. रांधणाऱ्या बाईने जीभ गेली म्हणून सांगायचं, तर मग तिचं चुलीपाशी काम काय? सोमनाथ चांगला होता. 'मावशी, बसून खा' म्हणाला असता. पण बसून खाणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. देवळ्यात तिची सासू बसून खात होती, आणि घरातली पोरंसोरंसुद्धा तिला ओलांडून जायची.

तेव्हापासून ती हाताने रांधायला लागली. कांदा किती काळा झाला ते डोळ्यांनी बघायचं, खोबरं भाजलं की नाही ते बोटांनी चुरून बघायचं, मसाला फुटला की तेल कसं वर येतं ते बघायचं. आणि मीठ मुठीने. पातेल्याला चार मुठी खडे मीठ, डावा हात. हात चुकत नव्हता. पण पाठीमागे आधार होता तो कोरड्या वाटीचा.

ही वाटी सध्या बहुतेक रोज पुंजाभाऊ चाखायचे. पुंजाभाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते, आता निवृत्त. मुलाकडे नाशिक रोडला कॉलनीत राहत. दुपारी चारलाच घरातून निघायचे आणि चिंचेखाली येऊन बसायचे, म्हणजे पहिला नंबर दुसऱ्याचा लागायला नको. वाटी आली की आधी वास घ्यायचे, डोळे मिटायचे, एक घोट, थोडं थांबणं, मग दुसरा. शंभर माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत असायची. मग ते उठायचे, धोतर सावरत उंबऱ्याशी यायचे आणि म्हणायचे, "कुसाताई, चाललं!" त्या एका शब्दावर कुसाबाई रोज सुटकेचा श्वास सोडायची. तिच्या मनात त्यांचं नावच 'माझी जीभ' असं पडलं होतं. पुढे दारूची एक छोटी निप घेऊन, एक भाकरी खाऊन ते घरी जायचे. भांडण नाही, बडबड नाही. असा माणूस शंभर पिणाऱ्यांत एखादाच.

असं तीन-चार वर्षं सुरळीत चाललं. मग मीठ बदललं.

खडे मीठ देणारा टेम्पोवाला काही आला नाही. सोमनाथने किराणा दुकानातून बारीक मिठाच्या पिशव्या आणल्या आणि मंगलाबाईला सांगितलं, "बरणीत भरून ठेव." मंगला ही भाकऱ्या थापणारी, एकलहऱ्याच्या वस्तीतली. नवरा कधी असायचा कधी नसायचा, आणि मुलगी आरोही नववीत. मंगलाने बरणी भरली. कुसाबाईला सांगायचं मात्र सोमनाथचं राहिलं आणि मंगलाचंही राहिलं.

तो बुधवार होता. मटणाचा वार. जेवणाची वर्दी मोठी होती. वीज केंद्रातल्या एका फोरमनच्या निवृत्तीची जेवणावळ होती. कुसाबाईने डावा हात बरणीत घातला तर मूठ भरेचना. मीठ बोटांतून वाळूगत निसटायला लागलं. बारीक दिसतंय, तिच्या ध्यानात आलं. पण बारीक मीठ मुठीत दाटून जास्त बसतं, आणि तिच्या ध्यानात आलं ते उलटं. तिला वाटलं, अर्धं तर हातातून सांडतंय, म्हणजे चार मुठींनी भागणार नाही. तिने चारच्या सहा केल्या. जिला चव येते ती बाई पळीच्या टोकावरचा थेंब जिभेला लावते आणि मोकळी होते. कुसाबाई उंबऱ्याकडे बघत पुंजाभाऊंची वाट पाहत बसली.

"नीट बघा बरं का आज," वाटी पाठवताना तिने मंगलाकडून निरोप धाडला. असं ती कधी म्हणत नसे.

पुंजाभाऊंनी वास घेतला, डोळे मिटले, घोट घेतला, थांबले, पुन्हा घेतला. मग नेहमीपेक्षा जरा जास्तच चाखलं, कारण निरोप आला होता. सगळी वाटी संपवली. उंबऱ्याशी आले.

"कुसाताई, चाललं! एक नंबर!"

बाटल्या फुटल्या. ताटं लागली. आणि पहिल्या घासाला त्या फोरमनचा मेहुणा उभाच राहिला.

"अरे सोमनाथशेठ! रस्सा हाय का समुद्र हाय ह्यो?"

मग एकेक ताट बोलायला लागलं. कुणी थुंकलं, कुणी पाणी मागितलं, कुणी हसलं. प्यायलेल्यांचीसुद्धा गोड बोलायची हिंमत झाली नाही. चिंचेखालचं कुत्रं टाकलेल्या हाडाला तोंड लावून परत गेलं, ते तर सगळ्यांनी पाहिलं. सोमनाथच्या आजोबांच्या काळापासून असं कधी झालं नव्हतं. तो लाल होऊन स्वयंपाकघरात आला.

"मीठ कुणी टाकलं?"

कुसाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मावशी, तुम्ही टाकलं का?"

"टाकलं," कुसाबाई म्हणाली. ते खरं होतं.

"मग हिनंबी टाकलं." सोमनाथ मंगलाकडे वळला. "बरणी तूच भरली ना? आन वर पातेल्यात पण तूच टाकलं. मावशीचा हात आजवर चुकला नाय कधी. दोघींचं पडलं म्हणून झालं हे."

"मी नाय टाकलं, शेठ. आरोहीची शपथ."

"मग कोणी टाकलं, भुतानं? उद्यापासून येऊ नको तू."

मंगलाने एकदा कुसाबाईकडे पाहिलं. तिला बोलता आलं असतं. 'मावशी, सांगा ना' एवढं म्हणता आलं असतं. पण तिने तेही म्हटलं नाही. हात धुतले, पिठाचा पंचा खुंटीला लावला आणि निघून गेली. आणि कुसाबाई चुलीकडे तोंड करून बसून राहिली. तिला त्या वेळी लाज वाटली नाही, भीती वाटली. लाज नंतर आली.

माणसं गेल्यावर तिने भांडी आवरायला घेतली, तेव्हा कल्हईची वाटी तिच्या हातात आली. वाटी कोरडी होती. आत रश्श्याचा ठिपका नाही, बोटाने पुसून घेतल्यासारखी. कुसाबाई ती वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. जो रस्सा कुत्र्याने खाल्ला नाही तो पुंजाभाऊंनी वाटीभर संपवला, आणि वर 'एक नंबर' म्हणाले! म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक आहे. आपली जीभ गेल्याचं याने कधीच ओळखलंय आणि हा रोज आपल्यावर दया करतोय. इतकी वर्षं तिने ज्या शब्दावर श्वास सोडला तो शब्द भीक होता. तिला त्यांचा इतका राग आला की तिने वाटी आपटली. पितळेची होती म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारात कांदे चिरत बसली होती, तर पुंजाभाऊ आले. चेहरा सुजलेला, डोळे लाल.

"कुसाताई, बसू का?"

"बसा. जागा काय माझ्या बापाची नाय."

ते पायरीवर बसले. कुसाबाईने पुढचा कांदा घेतला.

"काल रस्सा खारट झाला म्हणे," ते म्हणाले.

"म्हणे?" कुसाबाईने चिरणं थांबवलं. रागाला आली की तिच्या तोंडात माहेरची बोली यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. "म्हणे काय शे? वाटी तर तुम्ही पुसून खाल्ली! दया येते ना माझी? कधीपासून येते सांगा ना!"

पुंजाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना काही कळलेलं दिसत नव्हतं.

"दया कसली? मी रात्रभर पाणी पीत होतो, ताई. तांब्यावर तांब्या. सून म्हणाली, साखर वाढली असंल, दवाखान्यात नेते. मला कळंना का इतकी तहान लागते. सकाळी चहाच्या टपरीवर आयकलं, काल सावळीरामला रस्सा खारट होता म्हणून. तवा डोक्यात उजेड पडला."

"म्हंजे?"

पुंजाभाऊंनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"मला चव येत नाय, ताई. त्या तापापासून. गूळ का मीठ, सगळं सारखंच."

कुसाबाईच्या हातातला कांदा विळीपाशी तसाच राहिला.

"आन मग रोज ते डोळे मिटून, वास घेऊन..."

"सवय व्हती. आधी खरं घ्यायचो, मग नुसतं घ्यायला लागलो." ते खालमानेने बोलत होते. "तुमचा हात मला म्हाइत हाय ना. चाललंच असंल असं वाटायचं. आन पुढं लोक खाऊन बोटं चाटायचे, म्हंजे चाललेलंच असायचं की."

"सांगायचं ना मग! दुसऱ्याला वाटी दिली असती."

"म्हणूनच तर नाय सांगितलं. घरी चहात साखर पडली का नाय तेबी मला कोण इचारत नाय. चांगली हायेत पोरं, पण इचारत नाय. बॉयलरवर व्हतो तवा माझ्या एका हाताच्या इशाऱ्यावर अख्खं युनिट थांबायचं. आता जगात एकच जागा राहिली जिथं शंभर माणसं माझ्या तोंडाकडं बघतात. ती वाटी गेली की मग मी काय, कॉलनीतला म्हातारा." त्यांनी मांडीवरची टोपी हातात घेतली. "चुकलं माझं. तुमच्या नावाला काल माझ्यामुळं बट्टा लागला."

कुसाबाई हसायला लागली. आधी हळू, मग पदर तोंडात कोंबून. पुंजाभाऊ घाबरून तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"मलाबी येत नाय, पुंजाभाऊ," ती हसता हसता म्हणाली. "त्याच तापापासून. मी तुमच्या जिभेवर चार वर्षं काढली!"

पुंजाभाऊंना ते समजायला बराच वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे एवढी वर्षं रस्सा चाखत कोण व्हतं?"

"कोणीच नाय!"

मग दोघंही हसले. आंधळ्याने आंधळ्याला वाट विचारावी आणि दोघंही मुक्कामी पोचावेत, तसलाच तो प्रकार होता. पण कुसाबाईचं हसू आधी आटलं. पायरीपलीकडच्या खुंटीला मंगलाचा पिठाचा पंचा लोंबत होता.

"मंगलाला काढलं सोमनाथनं," ती म्हणाली. "मी गप बसले."

पुंजाभाऊंनीही पंच्याकडे पाहिलं. त्यांचंही हसू गेलं.

"मग सांगावं लागंल, ताई."

"सांगावं लागंल."

"तुमची चूल जाईल."

"आन तुमची वाटी."

पुंजाभाऊंनी टोपी डोक्यावर घातली. कुसाबाईने उरलेले कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

तो गुरुवार, पाटवडीचा वार. कुसाबाईने वस्तीत निरोप धाडून मंगलाला बोलावून घेतलं. 'हिशोबाला नको, माझ्याकडे ये' म्हणून. बेसनाची पाटवडी थापली, काळ्या मसाल्याचा रस्सा केला. मिठाला हात गेला तेव्हा तिने मूठ भरली, अर्धी परत बरणीत टाकली, पुन्हा भरली. किती टाकलं हे तिचं तिलाही आठवत नव्हतं.

संध्याकाळी गर्दी नेहमीपेक्षा जास्तच होती. काल बोभाटा झाला की आज बघायला माणसं येतातच. कालचा तो मेहुणाही आला होता. पहिल्या बाकावर पुंजाभाऊ. सोमनाथ गल्ल्यावर, तोंड उतरलेलं. सगळे वाटीची वाट बघत होते.

वाटी घेऊन कुसाबाई स्वतः बाहेर आली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पळी. एवढ्या वर्षांत ती गिऱ्हाइकांच्या खोलीत कधी आली नव्हती, त्यामुळे जुनी मंडळीसुद्धा तिला पहिल्यांदाच उजेडात बघत होती. मंगला तिच्या मागे दारातच थबकली.

"सोमनाथ," कुसाबाई म्हणाली, "काल मीठ मी टाकलं. सगळं मीच. मंगलानं पातेल्यात चिमूटसुद्धा टाकली नाय."

"मावशी, जाऊ द्या ना आता..."

"नाय जाऊ देणार. अजून कोणी प्यायलं नाय, तवर बोलते. माझी जीभ मेली हाय. तापात गेली ती आलीच नाय. चव नाय, वास नाय. चार वर्षं मी तुम्हाला अंदाजानं खाऊ घातलं. काल अंदाज चुकला, आन मी भीतीनं पोरीवर ढकललं."

पहिल्या बाकावरून पुंजाभाऊ उठून उभे राहिले.

"माझंबी आयका," ते म्हणाले. "मलाबी चव नाय. मी खोटंच 'चाललं' म्हणत व्हतो. काल ती खारट वाटी मी पूर्ण खाल्ली, मला काय कळलंच नाय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं. कुसाबाईने पळी गल्ल्याच्या फळीवर ठेवली, धोंडाबाईची ती लांब दांड्याची पळी. मग वाटीही तिच्या शेजारी ठेवली.

"खोली दोन दिवसांत रिकामी करते," ती म्हणाली.

सोमनाथ पळीकडे बघत राहिला. चड्डीत असताना त्याने याच पळीचा मार खाल्ला होता, आणि याच पळीने वाढलेलं खाऊन तो मोठा झाला होता. तो उठला, मंगलाजवळ गेला. सगळ्यांदेखत त्याने हात जोडले.

"मंगलाताई, चुकलं माझं. न विचारता बोललो. मिठाचं सांगायचंबी माझंच राह्यलं."

मंगलाने नुसती मान हलवली. ती रडत होती.

मग तो गल्ल्याशी परत आला. वाटी तिथेच होती आणि रश्श्यावर तेलाचा तवंग धरत होता. 'आता वाटी कोण चाखणार?' असं कालचा मेहुणा हळूच म्हणाला, आणि ते खरंच होतं. कालच्या प्रकारानंतर कुणाला पुढे व्हायचं धाडस होईना, सगळे एकमेकांकडे बघू लागले. सोमनाथने कमरेची गल्ल्याची किल्ली काढली आणि पुंजाभाऊंच्या हातात दिली.

"ही धरा. जोवर मी वाटी चाखतो तोवर मालक तुम्ही. उद्या बी तुम्हीच, परवा बी तुम्हीच. मटणाच्या वारी माझ्या जागी मंगलाताई चाखतील. पण किल्ली तुम्ही धरल्याबिगर बाटली फुटायची नाय."

पुंजाभाऊंनी किल्ली मुठीत घेतली. मग ते गल्ल्यावर जाऊन बसले.

सोमनाथ वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला. कुसाबाई आत जाऊन चुलीपाशी उभी राहिली होती, निरोप घ्यायला आल्यासारखी. त्याने एक घोट घेतला. मोठा झाल्यापासून त्याने मावशीच्या हातचं खाल्लं नव्हतं, आणि आता ती जुनी चव ओळखल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. लोकांना वाटलं, आता हा म्हणणार 'चाललं'. कुसाबाईलाही तेच वाटलं. तिला वाटलं, हा आता माझी समजूत घालणार. तिने मान खाली घातली.

सोमनाथने दुसरा घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"मीठ कमी हाय, मावशी," तो म्हणाला.

कुसाबाईने झटकन वर पाहिलं. चार वर्षांत तिला कुणी खरं सांगितलं नव्हतं. रोज 'चाललं, चाललं' ऐकत ती चुलीपाशी एकटी पडली होती, हे तिला आत्ता समजलं.

"किती?" तिने विचारलं.

"लय नाय. थोडं. आन जरा आंबट पायजे."

"कोकम का चिंच?"

"चिंच."

"मंगले," कुसाबाई ओरडली, आणि तिचा आवाज थेट शेवटच्या बाकापर्यंत गेला, "माझी पळी आण ती बाहेरची! आन मीठ तू टाक, मी बघते. सोमनाथ, तू हलू नको तिथून."

मंगला धावत पळी घेऊन आली. कुसाबाईचे डोळे भरून आले होते, पण हात मसाल्याचे होते, म्हणून तिने ते मनगटाने पुसले आणि रस्सा ढवळायला लागली.